प्रश्नाच्या शेवटचा ‘ना’

घोरपडे पेठ, पुणे
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

ती. धम्मदीपकाका यांस,
प्रज्ञेशचा सविनय जय भीम.

काकू आणि तुम्ही बरे असाल. आम्ही इकडे बरे. हे पत्र तीन आठवड्यांपूर्वी लिहायचं होतं, ते आज लिहितोय. मधे काय केलं म्हणाल तर स्कूटरचं चाक काढून परत बसवलं. गच्चीवरची पाण्याची टाकी घासली, ती शेजारच्या इमारतीची निघाली. एकदा कागद घेऊन बसलोसुद्धा, तर समोरच्या तारेवर एक पतंग अडकलेला दिसला, तो काढायला गेलो आणि संध्याकाळ झाली. माझं असंच आहे. तुम्हाला आठवत असेल तर लहानपणीही असंच होतं.

मी दशरथचा प्रज्ञेश, धायरीचा, तुमचा पुतण्या. पुतण्याला इतकी ओळख द्यावी लागतेय, म्हणजे बघा. तुम्ही गेलात तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आता पंचवीस. वाशिमचा पत्ता माझ्या धाकट्या बहिणीने, दीक्षाने दिला. तिला तो कुठून मिळाला ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

फोन करता आला असता. पण मी ज्यांच्याकडे राहतो ते साहेब म्हणतात, “फोनवर माणूस घाईत हो म्हणतो. पत्राला उत्तर द्यायला त्याला वेळ मिळतो. पत्रच लिही.” आधी पोस्टकार्ड आणलं होतं. ते बघून म्हणाले, “हे तू धम्मदीपला लिहितोयस की पोस्टमनला?” म्हणून हे फुलस्केप.

साहेब म्हणजे कोण ते सांगायला हवं आणि तिथेच हात अडतो. म्हणून आधी माझं सांगतो. अकरावी अर्धी टाकली. पुण्याजवळ मांजरीला एका रोपवाटिकेत आठ महिने उसाच्या रोपांना पाणी घातलं. मग हंपीला सायकली भाड्याने देणाऱ्या एका माणसाकडे होतो, छान माणूस, त्याला तबल्याचा नाद होता आणि तबला येत नव्हता. मग वर हिमाचलात तंबू ठोकायला. कुठेच वर्ष काढलं नाही. बाबा म्हणतात पायाला भिंगरी आहे. गेल्या वर्षी परत आलो आणि वाघोलीत एका शाळेची व्हॅन चालवायला लागलो, पंधरा दिवसांसाठी म्हणून.

जूनमध्ये त्या शाळेने सगळ्या व्हॅनवाल्यांना दुसरीच्या मुलांबरोबर एका भाषणाला बसवलं. विषय मुलांची सुरक्षितता. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. एक उंच, वाकलेला म्हातारा आला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मुलांनो, आजोबांना नमस्कार करा.” तो म्हातारा म्हणाला, “मी यांचा आजोबा नाही. मला एक नातू आहे, तो नाशिकला असतो. मुलांनो, माझं नाव तांबोळी. मला तांबोळी म्हणा.” दुसरीची चाळीस पोरं आनंदाने ओरडली, “ए तांबोळी!” बाईंचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

मग तो म्हणाला, “माझा शर्ट निळा आहे ना?”

शर्ट पांढरा होता, काका. स्वच्छ पांढरा. आणि तीस-बत्तीस पोरं एका सुरात म्हणाली, “हो!” काही जणांनी आधी शर्टाकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि मग हो म्हणाली. एक पुढे बसलेली मुलगी तेवढी म्हणाली, “ओ तांबोळी, पांढरा आहे तो.” मग त्याने परत विचारलं, “माझा शर्ट कोणत्या रंगाचा आहे?” चाळीसच्या चाळीस म्हणाली पांढरा. तो आमच्याकडे, मोठ्यांकडे वळला आणि म्हणाला, “मुलाला काही विचारायचं असेल तर प्रश्नाच्या शेवटचा ‘ना’ काढून टाका. ‘ना’ लावला की मूल तुम्हाला हवं ते देतं.”

तोपर्यंत मला आवाज ओळखू आला होता. मी उठून बाहेर नळावर गेलो आणि तोंड धूत राहिलो.

दादामियाँ तांबोळी. पोलिसातले, तपासाचे, आता रिटायर. हो, तेच. पत्र फाडायचं असेल तर इथे फाडा, मला राग येणार नाही. पण फाडणार नसाल तर पुढचं वाचा, कारण मला लिहायचं ते अजून आलेलंच नाही.

मी त्यांच्याकडे कसा आलो? त्या दिवशी त्यांची रिक्षा आली नाही. मी म्हटलं सोडतो घरी. म्हटलं, एकदा बघू तरी हा माणूस घरी कसा दिसतो. दुसऱ्या आठवड्यात दुसरी शाळा, परत मीच सोडलं. पंधरा दिवसांत गोकर्णला जायचं होतं. आता सात महिने झाले. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहतो, त्यांना स्कूटरवर मागे बसवून शाळाशाळांतून फिरवतो. त्यांच्या सलीमाताई बँकेत आहेत, त्या म्हणाल्या, “अब्बांना सात महिने सहन करणारा तू पहिलाच. माझा नवरा चार दिवसांत नाशिकला जातो म्हणाला.”

सहन करणं म्हणजे काय ते सांगतो. सकाळी मी विचारतो, “साहेब, चहा घेणार ना?” उत्तर येत नाही. पेपर वाचत बसतात. मग माझ्या लक्षात येतं. “साहेब, चहा घेणार का?” “घेणार.” रोज! पेट्रोल भरलं ना, चावी घेतली ना, गोळ्या घेतल्या ना, एकाही प्रश्नाला उत्तर नाही. मी म्हटलं, “अहो साहेब, तुम्ही काय सात वर्षांचे आहात का?” म्हणाले, “हा प्रश्न बरोबर विचारलास. नाही.”

आणि ‘काका’ म्हणायची बंदी. रिक्षावाले काका, भाजीवाले काका, वॉचमन काका, शाळेतले शिपाई काका, कोणीच नाही. ते शाळेत सांगतात, “आपण मुलाला जगातला प्रत्येक पुरुष काका म्हणून देतो आणि मग म्हणतो, अनोळखी माणसाबरोबर जाऊ नकोस. त्याला अनोळखी माणूस भेटणार कुठे? सगळे तर काका.” लोक माना डोलावतात. आणि बाहेर पडताना तेच लोक पोराला म्हणतात, “काकांना टाटा कर.” माझं डोकं फिरतं, त्यांचं फिरत नाही. ते परत मागे फिरतात आणि त्या बाईंना समजावतात. एकदा कोथरूडमधल्या एका आईने विचारलं, “पण मग मुलांवर संस्कार?” “संस्कार राहू द्या की. नमस्कार लांबूनही करता येतो.”

धीटपणा आणि प्रेमळपणा एकाच तासात शिकवतात. पोरांना सांगतात, वर्गात कोणी रडत असेल तर त्याच्या शेजारी बसा, काही बोलायची गरज नाही, डबा उघडा फक्त. आणि सांगतात, मोठा माणूस नको ते करायला सांगत असेल तर उद्धट वागा, मी परवानगी देतो, तांबोळीने सांगितलं म्हणा. आणि शेवटी दर वेळी एकच, “घाबरून गप्प बसलात तरी चालेल. नंतर सांगा. दोन दिवसांनी सांगा, दोन वर्षांनी सांगा. उशिरा सांगितलं म्हणून कोणी तुम्हाला रागावणार नाही, रागावलं तर माझ्याकडे पाठवा.”

हे वाक्य मी एकोणतीस शाळांत ऐकलंय. एकोणतीस वेळा दाराजवळ उभं राहून.

तीन आठवड्यांपूर्वी मांजरीला एका शाळेतून परत येताना रसवंतीवर थांबलो होतो. त्यांना आलं घातलेला लागतो, बर्फ नको, लिंबू कमी, सगळं सांगून होईपर्यंत मागे रांग लागते. ग्लास हातात आल्यावर म्हणाले, “धम्मदीपचा पत्ता तुझ्याकडे आहे का?”

मी म्हटलं, “कोण धम्मदीप?”

“प्रज्ञेश, मी चौतीस वर्षं लोकांचं खोटं ऐकलंय. इतकं वाईट क्वचित.”

मी विचारलं, कधी ओळखलंत? म्हणाले, “वाघोलीला. शर्टाचा प्रश्न विचारला की मुलं हसतात. त्या दिवशी मुलं हसली आणि एक व्हॅनवाला उठून गेला. मग घरी सोडताना तू वडिलांचं नाव दशरथ सांगितलंस, गाव धायरी सांगितलंस. अजून काय हवं?”

म्हणजे सहा महिने हा माणूस माझ्यामागे स्कूटरवर बसून सगळं माहीत असून गप्प. मला इतका राग आला की मी उरलेला रस टाकून दिला. चांगला होता रस.

तर त्यांचं म्हणणं असं. पंचवीस तारखेला, रविवारी, पालक आणि शिक्षकांची एक मोठी सभा आहे. पाच-सहाशे लोक येतील, धायरीतलेही असतील. आजवर ते तुमची गोष्ट नाव न घेता सांगत आले. यावेळी त्यांना तुमचं नाव घेऊन सांगायचंय की त्या माणसाने काही केलं नव्हतं, त्याला भर दुपारी गल्लीतून मी नेलं आणि चूक माझी होती. तुम्ही यावं अशी त्यांची इच्छा आहे, पण बोलावत नाहीत. म्हणतात, “मला त्याला बोलवायचा हक्क नाही. नाव घेऊ का, एवढंच विचार. नको म्हणाला तर नको.” तो प्रश्न मी विचारतोय. नाव घ्यावं का? तुम्ही ठरवा.

इतकंच लिहून पाकीट बंद करायचं होतं. साहेबांना वाटतंय मी बंद केलंय.

शनिवार, १० जानेवारी, दुपार

केलं नाही. सकाळी पोस्टापर्यंत गेलो, रांगेत उभा राहिलो, माझ्या पुढे दोन माणसं होती, आणि परत आलो. आता सरळ लिहितो.

साहेब ती गोष्ट शाळांत अशी सांगतात. चार वर्षांची मुलगी हरवली. तिच्या सात वर्षांच्या भावाला विचारलं, कोणाबरोबर गेली? तो म्हणाला, काकांबरोबर. तेवढ्यात मुलांचा सख्खा काका धावत आला. मी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, हेच काका ना? मुलाने मान हलवली. मी त्या काकाला घेऊन गेलो आणि बाकी शोध तीन तास थांबवला. मुलगी संध्याकाळी स्वारगेटला सापडली ती पोलिसांमुळे नाही. ती भर स्टँडवर ओरडायला लागली, “हे माझे काका नाहीत!” एका कंडक्टरबाईने तिला उचलून घेतलं आणि नेणारा पळाला. तो कधीच मिळाला नाही. त्या तीन तासांत मी तिथे माणूस पाठवला असता तर मिळाला असता. मुलगा माझ्या ‘ना’ला फसला. सगळी चूक विचारणाऱ्याची.

ऐकणाऱ्या बायका डोळे पुसतात. मला दर वेळी ओरडावंसं वाटतं.

कारण मी फसलो नव्हतो. मला शर्टाचा रंग माहीत होता, काका.

गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहणारा तो भिरभिरेवाला तुम्हाला आठवतो का? बांबूला कागदी भिरभिरी खोचून विकायचा. आम्ही पोरं त्यालाही काका म्हणायचो. बाबांनी बजावलं होतं, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. त्या दुपारी त्याने मला एक भिरभिरं दिलं, लाल-पिवळं, आणि म्हणाला, तू इथे खेळ, हिला कोपऱ्यावरून खाऊ देऊन आणतो. मी खेळत बसलो. वारा होता, छान फिरत होतं. दीक्षा परत आली नाही ते मला किती वेळाने कळलं ते आजही सांगता येत नाही.

मग आई ओरडत बाहेर आली, माणसं जमली, मी भिरभिरं मोडून शर्टात आत घातलं. काडी पोटाला टोचत होती. साहेब आले, त्यांनी विचारलं, मी म्हटलं काकांबरोबर. खरंच तेवढंच म्हटलं. आणि तुम्ही आलात. कोणाच्या तरी घरचा पंखा अर्धा खोलून आला होतात, हातात स्क्रू ड्रायव्हर तसाच. साहेबांनी बोट दाखवलं. मला माहीत होतं की हे ते काका नाहीत. पण ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कोणते? आणि मग भिरभिरं. ‘हो’ म्हटलं की प्रश्न संपत होता. मी विचार करून मान हलवली. सात वर्षांचं पोर विचार करत नाही असं साहेबांना वाटतं. करतं.

बाबा तुम्हाला म्हणाले, “धम्मा, पोरगी कुठंय सांग.”  हवालदाराने तुमचा दंड धरला तेव्हा त्याला म्हणालात, “त्या पोराला आधी पाणी द्या. घाबरलंय ते.”

मला पाणी दिलं कोणीतरी. मी प्यायलो.

संध्याकाळी दीक्षा सापडली, तिने सांगितलं कोण होता, तुम्हाला सोडलं. गल्लीला मात्र तेवढं पुरलं नाही. पोलिसांनी उगाच कशाला नेलं असेल, असं कोणीतरी म्हणायचं आणि बाकीचे गप्प राहायचे. पंखा दुरुस्तीला तुम्हाला कोणी घरात घेईना. बाबा तुमच्या दाराशी एकदाही आले नाहीत. चार महिन्यांनी तुम्ही सामान टेंपोत भरलंत, तेव्हा मी गच्चीवरून बघत होतो. खाली येऊन सांगायला तेव्हाही वेळ होता.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, दीक्षालाही नाही. साहेबांना चार वेळा सांगायला गेलो. “पण साहेब, मी…” “तू सात वर्षांचा होतास. विषय संपला.” जगभर सांगत फिरतात मुलाचं ऐका, मुलाचं ऐका, आणि माझं एक वाक्य पुरं ऐकत नाहीत. सगळी चूक स्वतःकडे घेऊन बसलेत, जणू मला काही उरूच नये. या माणसाला काय म्हणावं?

पण आता मला वाटतं, बरं झालं त्यांनी ऐकलं नाही. पहिल्यांदा ऐकायचा हक्क तुमचा होता.

तर प्रश्न परत विचारतो, पुरा विचारतो. पंचवीस तारखेला तुमचं नाव घ्यावं का? घ्या म्हणालात तर माझंही नाव घेतलं जाईल. साहेबांना नाही आवडणार, पण गोष्ट अर्धी सांगायची नाही. मी स्वतः उभा राहून सांगेन, धायरीच्या लोकांसमोर, मला माहीत होतं म्हणून. नको म्हणालात तर नाही सांगणार. आणि उत्तरच द्यायचं नसेल तर तेही समजेल. मी माफी मागितलेली नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. मागायची आहे, पण ती कागदावर मागितली तर तुम्हाला कागदावरच ‘असू दे’ म्हणावं लागेल. ते तुमच्याकडून उकळायचं नाही. तुम्ही ये म्हणालात तर वाशिमला येईन आणि समोर मागेन.

थांबा हं, दार वाजतंय. साहेबांना जिना चढवत नाही आणि सलीमाताई बाहेर गेल्यात, कोण असेल.

काका, बाबा आलेत.

मी दोन वर्षांत त्यांच्याशी फोनवर जेवलास का, जेवलो, याच्या पुढे बोललेलो नाही. ते धायरीहून दोन बस बदलून आले, खाली साहेबांसमोरून सरळ वर चढले. हातात साहेबांचं रजिस्टर पत्र. साहेबांनी त्यांनाही लिहिलं होतं, मला न सांगता, अर्थातच! धाप लागली होती तरी उभ्या उभ्या म्हणाले, “धम्माचा पत्ता तुझ्याकडे आहे म्हणे.” मी म्हटलं, आहे. “लिहिलंस त्याला?” म्हटलं, लिहितोय. “काय?”

मी सगळी पानं त्यांच्या हातात दिली. हे शेवटचं तेवढं माझ्याकडे आहे.

ते खिडकीपाशी बसून वाचतायत. चष्मा विसरलेत, कागद लांब धरलाय. भिरभिऱ्याचं पान वाचून झालंय, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत खाली बघितलं. आता पुढच्या पानावर त्यांचंच वाक्य आहे, त्यांनी तुम्हाला विचारलेलं. ते मी खोडलं नाही.  पान उलटत नाहीयेत. आत्ता त्यांनी हात पुढे केलाय आणि मला पेन मागतायत.

माझं इथे थांबवतो. खाली जागा सोडलीय, अक्षर तुम्ही ओळखाल.

त्या दुपारी मान हलवणारा, तुमचा पुतण्या,
प्रज्ञेश